तुर्तुक: श्योकच्या काठी, सरकलेल्या सीमेवर

लडाखच्या नुब्रा खोऱ्यातल्या हुंडरची वाळू मागे पडली की श्योक नदी सोबतीला येते आणि तुर्तुकपर्यंतचे ऐंशीएक किलोमीटर साथ सोडत नाही. दोन्हीकडे उघडेबोडके डोंगर, औषधालाही झाड नाही. मग एका वळणावर एकदम हिरवंगार शिवार समोर येतं. 2022 च्या ऑगस्टचा मध्य होता. जव कापून झाला होता आणि त्याच वाफ्यांत कुट्टूला गुलाबी फुलोरा आला होता. हे गाव लेहपेक्षा सुमारे 500 मीटर खाली आहे, म्हणून इथे वर्षाला दोन पिकं निघतात. घराघरांच्या माळवदांवर जर्दाळू वाळत घातलेले, आणि गल्लीगल्लीतून पाटाचं पाणी खळाळत चाललेलं.

मधून ओढा, ओढ्यावर लाकडी पूल, एका काठाला युल, दुसऱ्याला फारोल अशा गावाच्या दोन वस्त्या. मी उतरलो होतो त्या घरात चौऱ्याऐंशी वर्षांचे एक आजोबा होते. बाल्टी भाषेत आजोबांना ‘अपो’ म्हणतात, तेव्हा मीही त्यांना अपोच म्हणू लागलो.

अपोंचा जन्म जम्मू-काश्मीरच्या महाराजा हरिसिंगांच्या राज्यातला. डोग्रा सेनापती जोरावरसिंगांनी 1840 मध्ये बाल्टिस्तानातलं स्कर्दू जिंकल्यापासून हा मुलूख जम्मूच्या डोग्रा राजांकडे होता. पुढे लडाख आणि बाल्टिस्तान मिळून एकच वजारत, म्हणजे प्रशासकीय प्रांत, झाली. तिची कचेरी उन्हाळ्यात लेहला, हिवाळ्यात स्कर्दूला. तुर्तुकचं जाणंयेणं, सोयरीक सगळी खाली, आज पाकिस्तानच्या ताब्यात असलेल्या खपलूकडे. तिथल्या यबगो राजांचा उन्हाळी वाडा अजून गावात उभा आहे आणि त्याच्या भिंतीवर त्या घराण्याची वंशावळ आहे. ऑगस्ट 1948 मध्ये स्कर्दूचा किल्ला पडला, पुढच्या वर्षी युद्धबंदी रेषा आखली गेली आणि गाव पाकिस्तानकडे राहिलं. अपो तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते.

मग आला डिसेंबर 1971. मेजर चेवांग रिंचेन यांची तुकडी कडाक्याच्या थंडीत चालुंका, तुर्तुक, त्याक्षी असं एकेक गाव घेत पुढे सरकली. रिंचेन नुब्रातल्याच सुमूरचे. 1948 मध्ये कोवळ्या वयात गाजवलेल्या पराक्रमासाठी त्यांना महावीर चक्र मिळालं होतं, या मोहिमेसाठी ते दुसऱ्यांदा मिळालं. अपो सांगत होते, लोक भीतीने गारठले होते. पण आलेल्या सैनिकांची लडाखी बोली कानावर पडली आणि ती बरीचशी कळली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. 17 डिसेंबरला लढाई थांबली. 1972 च्या सिमला करारानंतर नियंत्रण रेषा ठरली, ती तुर्तुकच्या पलीकडून.

त्या आठवड्यात जो गावात होता तो भारतीय झाला. जो कामाला, शिकायला खाली गेला होता, तो तिकडेच राहिला. अपोंचा धाकटा भाऊ स्कर्दूला मजुरीला गेला होता.

हे सांगताना अपोंचा आवाज हलला नाही. ते उठले आणि मला घरामागे घेऊन गेले. तिथे दगडांची बुटकी खोली होती, तिला ‘नांगचुंग’ म्हणतात. आपल्याकडे धान्याचं पेव असतं तसंच हे दुधालोण्याचं, मांसाचं कोठार. त्यांनी माझा हात धरून दोन दगडांच्या फटीपाशी नेला. बाहेर ऊन भाजत होतं आणि त्या फटीतून बर्फासारखा वारा बोटांवर येत होता. डोंगराच्या पोटातली थंडी दगडांच्या सांदीतून इथवर पोचते, म्हणून गावाने ही कोठारं नेमकी त्याच जागी बांधली. अपोंच्या वडिलांनी हीच फट लिंपून, दुरुस्त करून वापरली होती. भाऊ दुपारी पळून येऊन इथेच झोपायचा, असं ते म्हणाले.

तुर्तुक 2010 मध्ये पर्यटकांना खुलं झालं. आज घरोघरी पाहुणे उतरतात, ते मला मनापासून आवडलं. पण या गावाला ‘भारताचं शेवटचं गाव’ म्हणून फोटो काढून परतणं मला पटत नाही. खपलूहून लेहकडे निघालं की हे गाव वाटेत मध्येच लागायचं. त्याला शेवटचं आपण केलं.

दुसऱ्या दिवशी पुढे थांगला गेलो. तिथून नियंत्रण रेषेपलीकडचं फ्रानू गाव दिसतं. एकाने दुर्बीण हातात दिली. तीच माळवदं, तसेच पाट, शेतात वाकलेली माणसं. श्योक मात्र सरळ तिकडे निघून जाते आणि पुढे सिंधूला मिळते. माणसाला त्या गावी जायचं तर तेव्हा लेह, दिल्ली, अमृतसर, वाघा, लाहोर करत स्कर्दूकडून यावं लागायचं, तेही व्हिसा मिळाला तर.

संध्याकाळी परतलो तेव्हा अपो अंगणात जर्दाळूच्या बिया दगडाने फोडत बसले होते. आतला गर माझ्या हातावर ठेवत त्यांनी विचारलं, “पलीकडचा जव कापून झाला का?”

मी म्हणालो, “झाला. मळणी चालली होती.”