तुम्ही विचारलंत म्हणून : इलोइलोला का जातो?

"काका, फिलिपिन्सला जाता ते समजलं. पण बोराकाय सोडून त्या इलोइलोत आहे काय?" गणपतीत घरी आलेल्या पुतण्याच्या मित्रांनी हे विचारलं, त्याआधी बँकेतल्या मुलीने विचारलं, आणि बायको तर दर तिकिटाच्या वेळी विचारते. प्रत्येकाला दोन वाक्यांत काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. आता नीट सांगतो.

बोराकायचा पांढरा किनारा पनाय बेटाच्या वायव्य टोकापाशी आहे, आणि इलोइलो शहर त्याच पनायच्या आग्नेय किनाऱ्यावर. मध्ये रस्त्याने पाच-सहा तास. इतकी वर्षं जाऊन मी बोराकाय पाहिलेलं नाही, आणि त्याची रुखरुखही नाही.

मी वेंगुर्ल्याचा. बोटीवर इंजिनरूममध्ये आयुष्य गेलं, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. माझ्या हाताखालचे ऑइलर, फिटर, मोटरमन बहुतेक फिलिपिनो असायचे, आणि त्यांतले कितीतरी इलोइलोचे. इलोंगो माणूस ओरडत नाही. इंजिनच्या धडधडीतही त्याचं बोलणं गाण्यासारखं वर-खाली होतं. त्यांच्या हिलिगायनोन भाषेत 'गिद' असा एक शब्द आहे. तो कशाहीमागे लागतो आणि तिथे जोर येतो, आपल्या 'च'सारखा. 'नामित' म्हणजे चविष्ट. 'नामित गिद' म्हणजे चविष्टच.

एका रविवारी आमच्या ऑइलरने गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, त्याच्या गावचं कालवण रांधलं. त्याला ते केबीएल म्हणतात : काद्योस, बाबॉय, लांका. काद्योस म्हणजे तूर, बाबॉय म्हणजे डुकराचं मांस, लांका म्हणजे कच्चा फणस. मी डुक्कर खात नाही म्हणून माझ्यासाठी त्याने कोंबडी घालून वेगळं केलं. तूर आणि फणस एका भांड्यात बघून मी खुर्ची ओढून बसलोच. पहिल्या घासाला आंबटपणा जिभेवर आला तो चिंचेचा नव्हता, लिंबाचाही नव्हता. त्याने फ्रीझरमधून हिरवी, गोल, छोट्या पेरूएवढी फळं काढून दाखवली. बातवान. पुढे मी शोधून काढलं की बातवान हे गार्सिनिया कुळातलं झाड, म्हणजे आपल्या कोकमाचं सख्खं भावंड. सुट्टी लागल्यावर मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो तो या फळाच्या ओढीने.

गेलो आणि पाहिलं की शहर खाडीवर वसलेलं आहे.

नकाशावर 'इलोइलो नदी' लिहिलेलं असतं. कोकणातल्या माणसाला तिच्या काठावर पाच मिनिटं उभं केलं तर तो सांगेल की ही नदी नव्हे. पाणी खारट, दिवसाला भरती-ओहोटी, काठाला तिवरं, ओहोटीला गाळाचा तो ओळखीचा वास. ही खाडी आणि शेजारचा बातियानो प्रवाह यांच्यामध्ये जमिनीची जी जीभ समुद्रात शिरते, ती नाकासारखी दिसते म्हणून 'इरोंग-इरोंग', आणि त्यावरून इलोइलो, असं तिथले लोक सांगतात. समोर अरुंद सामुद्रधुनी, तिच्यापलीकडे गिमारास बेट. यंत्राच्या लाकडी होडीने पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे पोचता येतं. गिमारास उघड्या समुद्राच्या लाटा अडवतं, म्हणून खाडीच्या तोंडाशी पाणी शांत. बंदराला आणखी काय लागतं? (गिमारासचे आंबे फार गाजलेले आहेत. गोड आहेत, मान्य. हापूसचा वास त्यांना नाही, आणि हे मी तिथेही सांगतो.)

त्या सामुद्रधुनीला भोळं समजू नये. 3 ऑगस्ट 2019 रोजी अचानक सुटलेल्या वाऱ्यात याच पाण्यात तीन होड्या उलटल्या आणि 31 माणसं गेली. त्याआधी ऑगस्ट 2006 मध्ये गिमारासच्या दक्षिणेला एक टँकर बुडाला, पोटात सुमारे 20 लाख लिटर बंकर तेल घेऊन. मी आयुष्यभर तेच तेल जाळलं. तिवरांच्या मुळांना ते चिकटलेले फोटो पाहिले तेव्हा आतून हललो होतो.

स्पॅनिश लोक या किनाऱ्यावर सोळाव्या शतकातच आले. आरेवालो हे आज शहराचा भाग असलेलं गाव 1581 मध्ये वसलं. मोलोमध्ये चिनी व्यापाऱ्यांची वस्ती झाली. हारो हे बिशपचं, बड्या घराण्यांचं गाव. ला पाझ आणि मांदुर्याव वेगळी. सतराव्या शतकात डचांनी इलोइलोवर हल्ले केले. वेंगुर्ल्याला डचांच्या वखारीच्या पडक्या भिंती बघत वाढलेल्या मला ते ऐकून या गावाशी उगाच जुनी ओळख असल्यासारखं वाटलं. ही सगळी गावं एका नगरपालिकेखाली आली ती 1937 मध्ये, हारो तर त्यानंतर. म्हणून आजही प्रत्येक भागाला स्वतःचा चौक, स्वतःचं चर्च आणि स्वतःचा बाजार आहे. मोलोच्या चर्चमध्ये खांबांवरच्या सोळाही मूर्ती स्त्री संतांच्या आहेत. हारोच्या कॅथेड्रलचा घंटामनोरा चर्चला लागून नाही, रस्ता ओलांडून पलीकडे चौकात आहे. 25 जानेवारी 1948 च्या मोठ्या भूकंपाने त्याला जबर तडाखा दिला होता.

पण मला विचाराल तर या शहराचा खरा इतिहास मागावर आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इलोइलो हे कापडाचं गाव होतं. अननसाच्या पानांच्या तंतूंची पिन्या, रेशीम मिसळून हुसी, केळीसारख्या अबाका झाडाच्या तंतूंची सिनामाय. घरोघरी माग, आणि मागावर बायका. हातात धरलं तर पलीकडचं बोट दिसावं इतकं तलम कापड मनिलापर्यंत आणि तिथून पुढे जायचं. 1855 मध्ये स्पेनने इलोइलोचं बंदर परदेशी व्यापाराला खुलं केलं. 1856 मध्ये निकोलस लोनी हा तरुण इंग्रज तिथे ब्रिटनचा उपवाणिज्यदूत म्हणून आला, आणि सोबत व्यापारही करू लागला. मँचेस्टरचं स्वस्त सुती कापड त्याने आणलं, तिथल्या लोकांना आवडतील असे नमुने छापून. परत जाताना जहाज रिकामं जाऊ नये म्हणून साखर हवी होती. ती पिकवायला त्याने कर्ज दिलं, उसाचे लोखंडी चरक उधारीवर दिले. मोलो-हारोच्या धनिकांनी मागातला पैसा काढला आणि समोरच्या नेग्रोस बेटावर उसाची शेती उभी केली. माग थांबले. लोनी 1869 साली वारला. खाडीकाठच्या धक्क्याला आजही त्याचं नाव आहे, मुएये लोनी.

तिथले बरेच लोक लोनीला शहराचा उपकारकर्ता मानतात, कारण साखरेने इलोइलो श्रीमंत झालं. मला ते कधीच पटलेलं नाही. मँचेस्टरच्या कापडाने आपल्याकडे काय केलं ते आपण शाळेत शिकलो. साखरेचे वाडे अजून उभे आहेत, पर्यटक त्यांच्यापुढे फोटो काढतात. ज्या बायकांची विद्या एका पिढीत निरुपयोगी ठरली त्यांच्या नावाचा धक्का कुठे नाही. विद्या पूर्ण मेली नाही हे मात्र खरं. मियागाव, ओतोन, आरेवालो इथे 'हाब्लोन' हे हातमागाचं कापड अजून विणतात.

साखरेची गंमत अशी की ती पिकायची नेग्रोसवर, पण जहाजात चढायची इलोइलोत. शिडाच्या गलबतांतून सामुद्रधुनी ओलांडून पोती यायची, खाडीकाठच्या गोदामांत थप्प्या लागायच्या, हमाल, कारकून, विमावाले, सगळे त्यावर जगायचे. काये रियाल या मुख्य रस्त्यावरच्या देखण्या इमारती या काळापासून उभ्या राहू लागल्या. 1898 मध्ये मनिला पडल्यावर काही महिने फिलिपिन्समधल्या स्पॅनिश सत्तेची राजधानीही इथेच होती. डिसेंबरात स्पॅनिश निघून गेले आणि 11 फेब्रुवारी 1899 ला अमेरिकन तोफा लागल्या. माघार घेणाऱ्या फिलिपिनो सैन्याने गाव पेटवलं. त्यातूनही शहर पुन्हा उभं राहिलं, कारण साखर होती. पुढे नेग्रोसवर मोठे कारखाने आले, त्यांचे स्वतःचे धक्के झाले, आणि जहाजं थेट तिथूनच माल भरू लागली. 1930 च्या सुमारास धक्क्यावर मोठे संप झाले. मग एप्रिल 1942 मध्ये जपानी उतरले. युद्ध संपलं तेव्हा व्यापार सेबू या दुसऱ्या बेटाच्या बंदराकडे सरकला होता.

माल जाण्याचं दुःख मला पुस्तकात वाचायला लागत नाही. माझ्या लहानपणी वेंगुर्ल्याच्या बंदरात मुंबईची बोट लागायची, सगळा बाजार तिच्या वेळेवर चालायचा. ती बंद झाली आणि गाव मुंबईच्या मनीऑर्डरवर जगू लागलं. इलोइलोने नेमकं तेच केलं, फक्त मुंबईऐवजी सगळं जग. 1948 मध्ये कॅप्टन हुआन लाक्सोन यांनी तिथे खलाशी घडवणारी शाळा काढली. ती आज विद्यापीठ आहे. सकाळी मोलोच्या रस्त्यावर पांढऱ्या कडक गणवेशातली पोरं रांगेने जाताना दिसतात, आणि मला त्यांच्यात माझे ऑइलर दिसतात. माल गेला तेव्हा शहराने माणसं पाठवली. डॉलरमधला त्यांचा पगार दरमहा घरी येतो, त्यातून विटा, शाळेच्या फिया, दुकानं. कुठल्याही गल्लीत रंग नवा असलेलं दुमजली घर दिसलं की मी विचारतो, आणि बहुतेक वेळा उत्तर येतं : मुलगा बोटीवर आहे.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ती खाडी मात्र बघवत नव्हती. मासेमारीचे बांबूचे सापळे, गटारं, बुडून कुजलेल्या बोटी. घरं तिच्याकडे पाठ करून उभी होती. जून 2008 मध्ये फेंगशेन वादळ आलं, त्याला ते 'फ्रँक' म्हणतात. 21 तारखेला डोंगरातून उतरलेल्या पाण्याने जवळपास सगळं शहर बुडालं. माझ्या ऑइलरच्या घरात छातीएवढं चिखलाचं पाणी होतं. त्या वेळी तो माझ्याबरोबर बोटीवर होता, घरी फोन लागत नव्हता. तीन दिवस त्याने ड्युटी चुकवली नाही, आणि जेवलाही नाही.

त्यानंतर पुराचं पाणी वळवणारा मोठा कालवा झाला. खाडीतले सापळे, बुडालेली लाकडं काढली. 2012 मध्ये मांदुर्यावच्या बाजूला काठाकाठाने चालायची सुमारे सव्वा किलोमीटरची वाट खुली झाली, आणि मग ती दोन्ही काठांवर वाढत गेली. विशेष म्हणजे तिवरं तोडून काँक्रीटची भिंत घातली नाही, ती ठेवली. संध्याकाळी आजीपासून नातवापर्यंत सगळे तिथे येतात, बगळे ओहोटीच्या गाळात उभे असतात. आपल्या खाड्यांचं आपण काय केलं हे आठवून मला तिथे दर वेळी त्रास होतो. भराव टाकायचा आणि वर प्लॉट पाडायचे, एवढंच आपल्याला सुचलं.

शहर वाढतंय, तेही सांगतो. 2007 मध्ये विमानतळ गावाबाहेर गेला. जुन्या धावपट्टीच्या जागेवर कॉल सेंटर, हॉटेलं, उंच इमारती उभ्या राहिल्या. 2020 च्या जनगणनेत वस्ती 4,57,626 होती, आणि हद्द जेमतेम 78 चौरस किलोमीटर, त्यामुळे वाढ पाविया आणि ओतोन या शेजारच्या गावांत सांडते. भातशेतीवर घरांच्या वसाहती येतात. जमीन सपाट, समुद्रसपाटीला लागून, म्हणजे जे शेत झाकलं त्याचं पाणी कुणाच्या तरी घरात जाणार. मला याची काळजी वाटते, आणि तिथले वडीलधारेही हेच बोलतात. 2023 मध्ये युनेस्कोने इलोइलोला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हटलं, फिलिपिन्समधलं पहिलं. त्याचा सगळ्यांना अभिमान आहे, आणि ला पाझच्या बाजारात बाचोय या नूडल्सच्या सूपच्या वाफाळत्या वाट्यांपुढे गर्दीही आहे.

मागच्या वेळी जाताना मी अर्धा किलो आमसुलं नेली. ऑइलरची आई आता ऐंशीच्या पुढे आहे, चुलीपाशी कुणाला येऊ देत नाही. तिने आमसूल हुंगलं, चाटलं, आणि बातवान बाजूला ठेवून तेच टाकलं. रंग उतरेल म्हणून मी धास्तावलो होतो. पण त्यांची तूर मुळातच काळपट. शिजली की रस्सा जांभळा होतो, त्यात आमसुलाचा रंग कुणाला कळलाच नाही. तिने चमचाभर चाखलं, थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग मुलाकडे बघून म्हणाली, "नामित." मी वाट बघत राहिलो. दुसरा चमचा घेतल्यावर तिने 'गिद' जोडलं.