धनुष्याचा हात

मी जन्माची डावखुरी. त्यामुळे प्रसादाला हात पुढे केला की आत्याचं "तो नव्हे गं, दुसरा" ठरलेलं, हळदीकुंकवाला वाण घेतानाही तेच, आणि आजीने तर एकदा जेवताना माझा डावा हात ओढणीने पाठीमागे बांधून बघितला होता, गंमत म्हणून म्हणे. म्हणून टोकियोत निशिकासाईला राहायला आल्यावर नवशिक्यांच्या क्यूदो क्लासचं पत्रक दिसलं, क्यूदो म्हणजे जपानी धनुर्विद्या, तेव्हा नाव नोंदवायच्या आधी मी हेच विचारून घेतलं की डावखुरी चालेल ना?

सेन्सेई, म्हणजे आमच्या शिक्षिका, पंचाहत्तरीच्या असतील, उंचीने माझ्या खांद्याला लागतात. म्हणाल्या, चालेल की, पण इथे डावं-उजवं काही नसतं, सगळ्यांनी धनुष्य डाव्या हातात धरायचं आणि दोरी उजव्याने ओढायची, रांगेत सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला हवीत. मनात म्हटलं, झालं, इथेही आत्या आहेच.

मला वाटलं होतं पहिल्या दिवशी नाही तर निदान दुसऱ्या दिवशी तरी बाण मारू. कसलं काय! पहिले दोन आठवडे नुसतं चालायला शिकवलं, पांढरे मोजे घालून, पाय न उचलता, गार लाकडी फरशीवर सरपटत, आणि एक बाजू सताड उघडी त्यामुळे फेब्रुवारीचं वारं सरळ आत. मग आठ पायऱ्या, पाय रोवण्यापासून बाण सुटल्यावर तसंच उभं राहण्यापर्यंत, आणि त्याही हातात एक दांडी आणि रबर घेऊन. गोमुयुमी म्हणतात त्याला, म्हणजे रबराचं धनुष्य, आपली बेचकी बरी दिसते त्यापेक्षा. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आई विचारायची, "मारलास का बाण?" आणि मी म्हणायचे, "नाही, रबर."

खरं धनुष्य हातात आलं तेव्हा आधी हसूच आलं. 221 सेंटीमीटर! माझ्यापेक्षा दोन वीत उंच, आणि मूठ मधोमध नाहीच, खालून साधारण एक तृतीयांशावर. बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला, डाव्या अंगठ्यावर टेकवायचा. असली धनुष्यं कापडात गुंडाळून कॉलेजची पोरं इथे लोकलमधून नेतात आणि कुणी मान वर करून बघतही नाही, विरार फास्टमध्ये करून दाखवा म्हणावं.

दोरी ओढायच्या हातात हरणाच्या कातड्याचा हातमोजा असतो, त्याचा अंगठा आतून कडक, आणि अंगठ्याच्या बुडाशी एक खाच. दोरी त्या खाचेत अडकवायची, बाकीची बोटं नुसती अंगठ्यावर बसतात. म्हणजे सगळा भार अंगठ्यावर. मला शाळेपासून एक कोडं होतं, ऑलिम्पिकमध्ये तर तीन बोटांनी दोरी ओढतात, मग एकलव्याचा अंगठाच का मागितला? त्या दिवशी खाचेत दोरी बसली आणि लख्ख कळलं. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणते, "मग काय, द्रोणाचार्यांना कळत नव्हतं होय?"

पुढचे दीड महिने धनुष्याच्या लांबीइतक्या अंतरावरून गवताच्या भाऱ्यात बाण. तिथे चुकायला जागाच नाही, तरी मी एकदा दोरी कानावर मारून घेतली, कान दोन दिवस जांभळा, ऑफिसात सगळे विचारायचे काय झालं आणि धनुष्य म्हटलं की पुढे कुणी काही विचारायचंच नाही. बाण सुटला की धनुष्य डाव्या मुठीत आपोआप गर्रकन फिरायला हवं, ते फिरवायचं नाही, फिरू द्यायचं. घट्ट धरलं तर फिरत नाही, सैल धरलं तर पडतं. जुन्या जपानीत डाव्या हाताला युन्देच म्हणतात, धनुष्याचा हात, आणि उजव्याला मेते, म्हणजे घोड्याचा, लगाम धरायचा. एके दिवशी माझ्या मुठीत ते अर्धं का होईना फिरलं, तर सेन्सेईंनी माझ्या डाव्या मनगटावर थोपटलं आणि म्हणाल्या, हा चांगला आहे, उजवा आळशी आहे. हे ऐकून आई म्हणाली, "थांब, आत्याला लावते फोन."

मग मे महिन्यात एकदाचं खरं निशाण. 28 मीटरवर 36 सेंटीमीटरचं, घरच्या परातीएवढं, आणि तिकडून बघितलं तर बशी. पहिला बाण मधल्या गवतात घसरत जाऊन झोपला. दुसरा पलीकडच्या वाळूत, निशाणापासून चांगला दोन हात लांब, पण रुतला! मला इतका आनंद झाला की मी चपला अडकवून बाजूच्या वाटेने तडक बाण आणायला निघाले, आणि मागून सेन्सेईंचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. लाल झेंडा लावून, टाळी वाजवून, सगळ्यांनी धनुष्यं खाली घेतल्याशिवाय तिकडे पाऊल टाकायचं नसतं, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

परत आले, झेंडा लावला, टाळी वाजवली, आणि मग गेले.