आमची वाटचाल: एक्केचाळिसाव्या पानावरचं तिकीट

आमच्या दुकानाला धड नाव नाही. सासऱ्यांनी रंगवून घेतलेल्या पाटीवर ‘जुने पेपर, बाटल्या, भंगार’ असं होतं. पुढे नवऱ्याने शेवटचे दोन शब्द पुसून तिथे ‘पुस्तके’ लिहून घेतलं. तीन पावसाळ्यांत वरचा रंग उतरला आणि खालचं भंगार पुन्हा दिसायला लागलं. अजूनही महिन्यातून एखादा माणूस तेलाचा रिकामा डबा घेऊन दारात उभा राहतो. भांडुप पश्चिमेला पत्ता सांगतानाही लोक ‘रद्दीवाल्या काकींकडे’ असंच सांगतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

१९९६ साली मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा इथे काटा, गोणपाटं आणि सुतळीची गुंडाळी होती. आबा, म्हणजे माझे सासरे, वर्तमानपत्राला एक भाव द्यायचे आणि पुस्तकाला त्याहून कमी. पेपर पुड्या बांधायला जातो. पुस्तकाचा पुठ्ठा आधी फाडावा लागतो, मग ते लगद्याला जातं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसे, तेव्हा पुठ्ठे फाडायचं काम माझ्याकडे आलं. त्या वर्षांत लाल बहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने एकेक करून बंद पडत होते. कुणी खोली विकून गावी जाई, कुणी बदलापूरला. घर रिकामं करताना सगळ्यात आधी पुस्तकं बाहेर पडत, भांडी शेवटी.

पुठ्ठा फाडताना आत बघायची सवय लागली. पानांमध्ये बेस्टचं तिकीट असे, गोळ्यांची रिकामी पट्टी असे, लग्नपत्रिकेचा तुकडा, पिंपळाचं जाळीदार पान. एकदा मुलाचा जन्मदाखला निघाला, तो शोधत त्याची आई दोन दिवसांनी रडत आली. ही खूण कुठल्या पानावर आहे ते बघायची मला चटकच लागली. बहुतेक तिकिटं तिसाव्या ते पन्नासाव्या पानांत असायची. म्हणजे माणूस तिथवर आला आणि थांबला. का थांबला असेल? मी बारावी झालेली, तोवर फार काही वाचलेलंही नव्हतं. पण हा प्रश्न डोक्यातून जाईना.

१९९८ मध्ये रद्दीतून वेचलेली दीडशे पुस्तकं एका लोखंडी मांडणीवर लावली. शंभर रुपये अनामत, महिन्याला वीस रुपये. आबा म्हणाले, "सूनबाई, किलोने घेतलेलं पुस्तक द्यायचं, परत घ्यायचं आणि पुन्हा द्यायचं, हा कसला धंदा?" पहिल्या वर्षीचं लाइट बिल बाबुराव अर्नाळकरांनी भरलं असं मी गमतीने म्हणते. हजारावर रहस्यकथा लिहिलेला माणूस. झुंजार आणि काळा पहाड यांच्या त्या बारक्या पुस्तकांच्या थप्प्या रद्दीत येत. रात्रपाळीचे लोक एका पाळीत एक संपवून सकाळी घरी जाताना दुसरं नेत. पुढे दिवाळी अंकांची योजना सुरू केली. एकदा पैसे भरा, आणि तीन महिने अंक बदलून न्या. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला आणि भांडुपमधल्या एका रद्दीवालीची सोय करून ठेवली. ऑक्टोबर ते जानेवारी हेच आमचं खरं पीक.

आता माझ्या एका चुकीबद्दल सांगते, कारण तिथून आमचं काम बदललं.

अकरा वर्षांची एक मुलगी सुट्टीत आली. "काकी, चांगलं पुस्तक द्या." मी डोळे मिटून ‘श्यामची आई’ दिलं. सगळेच देतात. दुसऱ्या दिवशी ती पुस्तक परत करून, काही न बोलता गेली. वर पेपरचं कव्हर घातलं होतं, तेही नीट घड्या घालून. शेजारणीने मग सांगितलं, त्या पोरीची आई चारच महिन्यांपूर्वी गेली होती. साने गुरुजींच्या पुस्तकात शेवटी काय होतं ते मला माहीत होतं. मुलीच्या घरी काय झालं ते मी विचारलं नव्हतं. ती पुन्हा आली नाही.

त्या आठवड्यात मी एक लांबट वही आणली, दुकानदार उधारीसाठी वापरतात तशी. प्रत्येक वाचकाला एक पान. काय नेलं, कधी आणलं, आणि खूण कुठे सापडली. नव्या माणसाला मी ‘काय आवडतं?’ असं विचारायचं बंद केलं. त्यावर लोक शोभेल ते उत्तर देतात; पुरुष ‘ऐतिहासिक’ म्हणतात, बायका ‘काहीही चालेल हो’ म्हणतात. त्याऐवजी मी विचारते, ‘अर्धवट सोडलेलं शेवटचं पुस्तक कोणतं, आणि कुठे सोडलंत?’ माणूस आधी हसतो, आणि मग खरं बोलतो.

बँकेतले एक गृहस्थ ‘मृत्युंजय’ तीनदा सुरू करून तीनदा सोडून बसलेले. पुस्तक जाड म्हणून सोडलं असेल असं मला वाटलं. तसं नव्हतं, त्यांना सारखं कुठेतरी पोचायची घाई होती. त्यांना मी ‘रारंग ढांग’ दिलं. हिमालयात रस्ता बांधणाऱ्या इंजिनिअरची गोष्ट, प्रत्येक प्रकरणात काम पुढे सरकतं. वर्षभराने ते आपणहून ‘मृत्युंजय’ मागायला आले. तेव्हा सांगितलं, यात कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो. एकेका माणसाचं एक वेगळं पुस्तक समजा, मध्ये आठवडा गेला तरी बिघडत नाही. या वेळी तिकीट शेवटच्या पानांत निघालं.

मुलांच्या पुस्तकांवर वय छापतात, त्यावर माझा विश्वास नाही. आमच्याकडची निम्मी मुलं आता इंग्रजी माध्यमाची. दहा वर्षांचा मुलगा घरात फडाफडा मराठी बोलतो आणि वाचताना ‘त्याच्या’सारख्या जोडाक्षरावर अडखळतो. त्याच्या वयाचं पुस्तक दिलं तर लाज वाटते, लहानांचं दिलं तर अपमान होतो. यावर एक युक्ती सापडली: "धाकट्या बहिणीला वाचून दाखवायला ने." मग तो माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ मानाने घेऊन जातो. बहीण नसेल तर शेजारची शोधतो. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर वाचनाची १ ते ४ पातळी छापलेली असते. शिक्षकांना ती उपयोगी आहे, मी मात्र त्या आकड्यावर नंबराची चिठ्ठी चिकटवते. चौथीतल्या पोराने हातातल्या पुस्तकावर १ वाचला की ते पुस्तक संपलंच.

त्यानंतर ‘किशोर’. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि एका अंकात कोडं, कविता, गोष्ट, माहिती सगळं असल्याने कुठूनही सुरू करता येतं. मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. त्याबाबत आजोबा लोकांशी माझं कायम भांडण. त्यांना वाटतं आपल्याला आवडला म्हणजे नातवाला आवडणारच. मी म्हणते, पहिली गोष्ट तुम्ही मोठ्याने वाचा आणि फेणेचा ‘ट्टॉक’ आवाज नीट करून दाखवा, नाहीतर पुस्तक नेऊ नका. दुकानात उभं राहून चार-पाच आजोबांनी तो आवाज करून दाखवला आहे. एकाची कवळी निसटली.

नववी ते बारावीची मुलं नाहीशी होतात. त्यांची जागा गाईड घेतात. याला माझ्याकडे औषध नाही. एका मुलीला मात्र विज्ञानकथांनी धरून ठेवलं. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपली आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे नाव बघून कुणी बक्षीस देऊ नये. ही हकिगत मी तिला सांगितली आणि ‘यक्षांची देणगी’ तिने उभ्या उभ्याच वाचायला घेतलं. लेखकाची एखादी खरी गोष्ट पाठीवरच्या मजकुरापेक्षा जास्त काम करते.

प्रकारांच्या पाट्यांचाही मला तसाच राग आहे. ‘दलित साहित्य’ अशी फळी केली की ठरावीक लोकच तिच्यापर्यंत जातात. मी १९७८ सालचं दया पवारांचं ‘बलुतं’ काढून ‘मुंबई’ नावाच्या फळीवर ठेवलं, नारायण सुर्वे आणि भाऊ पाध्ये यांच्या शेजारी. ‘बलुतं’मधला कावाखाना मुंबईतच होता ना? त्या वर्षी ते आधीच्या पाच वर्षांत गेलं नव्हतं इतक्या वेळा बाहेर गेलं. बचत गटातल्या बायकांना ‘चरित्र-आत्मचरित्र’ म्हटलं की धडकी भरते. लक्ष्मीबाई टिळकांना शाळा जवळजवळ नव्हतीच आणि बाई समोर बसून बोलल्यासारखं लिहितात, एवढं सांगितलं की ‘स्मृतिचित्रे’ हातोहात फिरतं. वाचायला अडणारीला दुसरी वाचून दाखवते. टिळक नवरा-बायकोचे रुसवेफुगवे आले की सगळ्या हसतात, नवरा सगळ्यांचा तसाच असतो.

म्हाताऱ्या माणसांना प्रकार नंतर विचारायचा, आधी चष्मा. मोठ्या टाइपाच्या पुस्तकांना आम्ही लाल ठिपका लावतो. पण टाइपाइतकंच वजन नडतं. आडवं पडून पाचशे पानांचं पुस्तक धरता येत नाही, मनगट दुखतं. आमचा बाइंडर जुनी प्रत मधून उकलून दोन भागांत बांधून देतो. पुस्तकप्रेमी मंडळी यावर हळहळतात. पुठ्ठे फाडत आयुष्य काढलेल्या बाईला तेवढं काही वाटत नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. आमच्याकडे पाणी तिसऱ्या फळीपर्यंत आलं. पंखे लावून, पानापानांत पेपर घालून, वर पावडर टाकून जेवढी वाचली तेवढी वाचवली. चारशेच्या आसपास लगद्याला गेली. ओल्या पुस्तकांचं वजन जास्त भरलं, नफा म्हणायचा तर एवढाच. आबांनी स्वतः काटा धरला आणि त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत.

पुढची दहा-बारा वर्षं भाकड. मोबाइल आले, साडेतीनशेचे नव्वद सभासद उरले, नवऱ्याने अर्धा गाळा मोबाइल कव्हरवाल्याला द्यायचं जवळजवळ नक्की केलं होतं. त्याबद्दल फार लिहीत नाही.

मार्च २०२० मध्ये दुकान बंद झालं आणि फोन सुरू झाले. "काकी, पोरगा डोकं खातोय, काय देऊ?" पुस्तक तर पोचवता येत नव्हतं. मी म्हटलं, तुमच्या कपाटाचा फोटो पाठवा. लोकांच्या घरात काय काय पडून असतं! लग्नात आहेर आलेली, शाळेत बक्षीस मिळालेली, सासऱ्यांनी आणलेली. त्यातूनच सुचवायला लागले: डावीकडून चौथं, हिरवं, तेच काढा, पहिली वीस पानं सोडा. कपाट नव्हतं त्यांना बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळणारे ‘किशोर’चे जुने अंक शोधून द्यायचं काम माझ्या मुलाने केलं. दोन महिन्यांत एकही पुस्तक न देता मी जेवढी पुस्तकं सुचवली तेवढी आधी कधीच सुचवली नव्हती.

त्यातून पुस्तकं घरपोच द्यायची आजची ‘पिशवी’ निघाली. महिन्याला तीनशे रुपये, घरातल्या माणसांची वयं आणि सोडलेली पुस्तकं एकदा सांगायची, बाकी आम्ही ठरवतो. मुलुंड ते विक्रोळी, दोनशे साठ घरं, एक स्कूटर आणि दोन मुलं. लिफ्ट बंद असली की पिशवी दोरीने वर जाते. प्रत्येक पिशवीत एक पुस्तक हमखास आवडेल असं, एक त्याच्या एक पायरी पुढचं, आणि एक ‘आगंतुक’, म्हणजे त्या माणसाने स्वतः कधीच उचललं नसतं असं. आगंतुक दहातले सात न वाचता परत येतात. मुलगा म्हणतो, आई, तो फुकटचा भार आहे, पेट्रोल जातं. त्याला हिशेब कळतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही म्हणून लोक माझं अभिनंदन करतात, पण बाइंडर, पेट्रोल आणि हरवलेल्या प्रती यांना कुणी सूट देत नाही. पिशवीवर घर चालतं. दिवाळी अंकांवर शिल्लक पडते.

निवृत्त ग्रंथपाल असलेल्या एका वाचकाने मला ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांचे पाच नियम सांगितले, १९३१ साली मांडलेले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, हा दुसरा. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हा तिसरा. आगंतुक तिसऱ्या नियमात बसतो, असं मी मुलाला ऐकवलं. तो म्हणाला, रंगनाथनांना पेट्रोल भरावं लागत नव्हतं.

कांजूरमार्गचे एक आजोबा आहेत. त्यांना रहस्यकथा आणि शिकारकथा लागतात, दुसरं काही नाही. दोन वर्षं त्यांचा आगंतुक जसाच्या तसा परत येतो, एकदा तर वर चिठ्ठी होती, ‘बाई, दमू नका.’ गेल्या महिन्यात त्यांना सुर्व्यांच्या कविता ठेवल्या होत्या. परत आल्या तेव्हा एक्केचाळिसाव्या पानावर बसचं तिकीट होतं. विसरून राहिलं की मुद्दाम ठेवलं, ते विचारलेलं नाही. या महिन्याच्या पिशवीत तेच पुस्तक पुन्हा घातलं आहे, तिकीट होतं तिथेच ठेवून.