आमची वाटचाल: तात्पुरत्या अधिभाराचा हंगाम

तासगाव तालुक्यातून युरोपात द्राक्षे पाठविण्याचा व्यवसाय वडिलांनी भाड्याच्या पॅकहाऊसमध्ये सुरू केला आणि पुढे स्वतःचे प्रीकूलिंग (तोडलेला माल झटपट थंड करण्याची सोय) व शीतगृह उभे राहिले. त्या काळाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही, कारण माल चांगला होता आणि पैसे वेळेवर येत होते. सांगायचा तो 2024 चा हंगाम.

19 नोव्हेंबर 2023 रोजी येमेनमधील हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ‘गॅलक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले, हल्ले वाढत गेले आणि डिसेंबरच्या मध्यापासून बड्या जहाज कंपन्या सुएझ कालव्याचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. युरोपचा प्रवास साधारण 10 ते 14 दिवसांनी लांबला. इंधन जास्त लागले, कंटेनर अधिक काळ अडकू लागले, युद्धजोखमीचा विमा महागला. त्यापोटी वाजवी पैसे मोजण्यास आमची ना नव्हती. आमची तक्रार निराळी आहे. भाडे ठरले, बुकिंग मिळाले, रीफर (शीत) कंटेनर सील होऊन न्हावा शेवा बंदराच्या गेटमधून आत गेला, आणि त्यानंतर ‘तात्पुरता आपत्कालीन अधिभार’ (भाड्यावरचा जादा आकार) लागू झाल्याचे पत्र आले. तो भरल्याखेरीज बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल सोडवून घेण्यास लागणारे जहाज कंपनीचे कागदपत्र, मिळणार नव्हते. बेदाणा असता तर शीतगृहात परत ठेवून भांडता आले असते. ताज्या द्राक्षाला ती सवड नसते.

सौदे सीआयएफ दराने, म्हणजे जहाजभाडे व विमा विक्रेत्याने भरायच्या अटीवर, झालेले असल्यामुळे सारा भार आमच्यावर आला आणि बँकेच्या कर्जाची मर्यादा संपली. त्याच सुमारास परिसरातील एका निर्यातदाराने अधिभाराचे निमित्त करून बागायतदारांचे ठरलेले दर पाडले, वर आम्ही बुडणार असल्याची आवई गावोगाव उठवली. आम्ही जमीन गहाण ठेवली, पण बागेत उभे राहून दिलेला दर शेवटच्या पेटीपर्यंत पाळला.

लांबलेल्या प्रवासासाठी मालाची निवड अधिक कडक केली. गोडी मोजणाऱ्या ब्रिक्स मीटरवर गोडी पुरेशी भरली तरी देठ हिरवागार नसलेला घड पनेटमध्ये (विक्रीच्या छोट्या डब्यात) जाऊ दिला नाही, प्रत्येक पेटीत ग्रेप गार्ड (बुरशी रोखणारा सल्फरचा कागद) नीट पसरला आहे की नाही हे मी स्वतः पाहत असे आणि कंटेनरच्या दाराजवळच्या पेट्यांत तापमान नोंदवणारा डेटा लॉगर ठेवत असे, कारण तापमान बिघडते ते बहुधा तिथेच. वडिलांच्या काळापासून माल घेणाऱ्या रॉटरडॅमच्या ग्राहकाने कंटेनर उघडल्यावर लॉगरचा आलेख पाठविला; शून्य अंशाजवळची ती रेघ सरळ होती. त्याच निरोपात, आम्ही न मागता, निम्मा अधिभार आपण सोसू असे त्याने कळविले. त्या रकमेवर आमचा हंगाम तरला.

नव्या निर्यातदारांनी फॉरवर्डरकडून (जहाजावर जागा मिळवून देणाऱ्या मध्यस्थाकडून) दर घेताना तो सर्व अधिभारांसह आहे का, किती तारखेपर्यंत बांधील आहे आणि नवा अधिभार गेटमध्ये शिरल्याच्या तारखेवर ठरतो की जहाजावर चढल्याच्या, हे लेखी घ्यावे. खरेदीदाराशी करार करतानाही बुकिंगनंतर वाढलेला खर्च कोणी सोसायचा, याचे कलम घालावे. आमच्या करारात ते आता आहे आणि रॉटरडॅमच्या ग्राहकाने त्यावर पहिली सही केली. जहाज कंपनीकडे परताव्यासाठी केलेल्या अर्जाला मात्र अद्याप उत्तर नाही.