मिठी नको, डॅडी

"मिठी नको, डॅडी. हात मिळव."

आठ-नऊ वर्षांचं पोर. वडिलांनी मुकाट्याने हात पुढे केला, त्याने तो दोनदा व्यवस्थित हलवला आणि क्रिकेटची बॅग फरफटत आत गेला. वडील मात्र गाडीत बसून बराच वेळ निघालेच नाहीत.

उद्यापासून आमच्या इंग्लंडमधल्या प्रेप स्कूलची (म्हणजे साधारण तेराव्या वर्षापर्यंतच्या खासगी शाळेची) समर टर्म. बोर्डर, म्हणजे शाळेतच राहणारी मुलं आदल्या संध्याकाळीच येतात, मी दारात यादी घेऊन उभी. समर नावालाच, एप्रिलचा वारा नुसता झोंबत होता. मोठ्यांच्या डोक्यात जूनची कॉमन एन्ट्रन्स ही प्रवेश परीक्षा, मग तेराव्या वर्षी पुढची शाळा. लहानांना फक्त क्रिकेट.

'काय हे इंग्रज!' म्हणून नाक मुरडायची सोय नाही. आपल्याकडेही सातारच्या सैनिक स्कूलला मुलं सहावीतच जातात. (सोबत लाडवांचा डबा असतो, एवढाच फरक.)

खुपतंय ते वेगळंच. मिठी मारू नये असा शाळेचा काही नियम नाही. उलट आम्हीच मुलांना जवळ घेतो. मग एवढ्याशा पोराला हे शिकवलं कुणी?

तुमच्या मुलांनी चारचौघांत मिठी मारणं कधी बंद केलं, आठवतंय?