अल्हाम्ब्राचा पहिला किल्लेदार

स्पेनच्या इतिहासात माझा जीव गुंतलाय तो इन्यिगो लोपेझ दे मेंदोझा या तेंदियाच्या काउंटात.

ग्रानादा या स्पेनमधल्या शेवटच्या मुसलमान राज्याविरुद्धच्या युद्धात आल्हामाचं ठाणं त्याच्याकडे होतं. पावसाने तट ढासळला, तेव्हा त्याने भगदाडावर दगडी भिंतीसारखं रंगवलेलं कापड ताणलं आणि त्याआड तट बांधून काढला, असं बखरकार सांगतात. पगाराला नाणी उरली नाहीत, तर स्वतःच्या सहीचे कागद वाटले. पुढे ते रोखीने फेडलेही!

2 जानेवारी 1492 ला ग्रानादा शरण आलं आणि अल्हाम्ब्रा या तिथल्या राजवाड्याच्या किल्ल्याची किल्लेदारी त्याला मिळाली. पण माझ्या लेखी त्याचा खरा कस लागला तो 1499 च्या अखेरीस. आर्चबिशप सिस्नेरोसने मुसलमानांची सक्तीने धर्मांतरं चालवली आणि ग्रानादातला मुसलमानांचा अल्बाइसिन मोहल्ला पेटला. मेंदोझाने समेटाची हमी म्हणून स्वतःची बायको-मुलं मशिदीशेजारच्या घरात ओलीस ठेवली. शत्रूचा मुलूख जिंकणारे पुष्कळ असतात हो, पण जिंकलेल्यांच्या हवाली आपलं घरदार करणारा किती विरळा! लोकांनी हत्यारं खाली ठेवली. दरबाराने मात्र पुढे बाप्तिस्मा किंवा शिक्षा एवढेच पर्याय ठेवले, याचा मला आजही संताप येतो.

पुढे या धर्मांतरितांना त्यांचा पेहराव सोडायला लावायचा घाट घातला गेला, त्यालाही म्हातारपणी त्याने पत्रांतून विरोध केला. 1515 मध्ये तो वारला. किल्लेदारी मुलाकडे, लुईसकडे गेली.