दोन आठवडे निधनवार्ता वाचणारा माणूस

मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅमचा प्रयोग, म्हणजे माणूस हुकूम कुठवर पाळतो हे बघणारा, शिकवला की मुलं एकच आकडा पाठ करतात: ४० पैकी २६. परीक्षेला तेवढा पुरतो. मला मात्र त्या प्रयोगमालिकेतला एक माणूस विसरता येत नाही.

१९६१, अमेरिकेतलं न्यू हेवन. स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसं हवीत, तासाचे ४ डॉलर आणि वर गाडीभाड्याचे ५० सेंट, अशी येल विद्यापीठाची जाहिरात. आलेल्याने 'शिक्षक' व्हायचं आणि पलीकडच्या खोलीतला 'विद्यार्थी' चुकला की शॉक द्यायचा, दर चुकीला १५ व्होल्ट वाढवत थेट ४५० पर्यंत. विद्यार्थी आतून सामील, त्याला शॉक बसतच नव्हते. पण शिक्षकाला आधी ४५ व्होल्टचा खराखुरा झटका देत, म्हणजे त्याचा विश्वास बसावा. ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. घाम फुटलेले, थरथरणारे, अडखळत बोलणारे, नखं स्वतःच्याच मांसात रुतवणारे लोक. हे सगळं मिलग्रॅमने स्वतःच लिहून ठेवलंय.

या प्रयोगमालिकेतल्या अनेकांना शॉक खोटे होते हे लगेच सांगितलं गेलं नाही. पूर्ण खुलासा टपालाने गेला, काही महिन्यांनी. त्यातला एक जण दोन आठवडे रोज वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता तपासत होता. आपल्या हातून तो माणूस मेला तर नाही ना, म्हणून.

८४ टक्के लोकांनी नंतर 'भाग घेतल्याचा आनंद आहे' असं कळवलं, हा मिलग्रॅमचा बचाव. ते खोटं बोलले असं मी म्हणत नाही. पण त्या दोन आठवड्यांचं काय? १९६४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी, भाग घेणाऱ्यांना दिलेल्या वागणुकीवरून, या प्रयोगावर जाहीर टीका केली, ती मला आजही पटते.

पटते, कारण बीएच्या दुसऱ्या वर्षाला मीही एका प्रयोगात सब्जेक्ट, म्हणजे जिच्यावर प्रयोग करतात ती, झाले होते. एमएच्या एका ताईने आकड्यांची कोडी सोडवायला दिली, स्टॉपवॉच बंद केलं, कागदावर लाल पेनने गोल केला आणि म्हणाली, "तुझा नंबर खालून दुसरा." अपयशानंतर माणूस पुढचं लक्ष्य किती खाली आणतो, हे तिला बघायचं होतं. नंबर बनावट होता, आणि हे मला चार दिवसांनी कँटीनमध्ये मैत्रिणीकडून कळलं. तोवर मी आईला फोन करून सांगून बसले होते की मानसशास्त्र मला झेपत नाही, सोडते.

आता प्रॅक्टिकल घेताना मी जर्नलवर सही करण्याआधी सब्जेक्टलाच विचारते, "प्रयोग संपल्यावर तुला काय सांगितलं यांनी?" गेल्या मंगळवारी एका मुलाची सब्जेक्ट घंटा होताच बससाठी निघून गेली होती. "उद्या सांगतो ना मॅडम," म्हणाला. मी जर्नल मिटून ठेवलं. तो जिना उतरून गेटपर्यंत पळाला, खिडकीतून दिसत होतं. दोघं पाचेक मिनिटं बोलत उभे होते. तिची बस गेली. वर आला तेव्हा धापा टाकत होता. मग सही केली.